कॅनबेरा नेमकं कोणतं? आधी घुमट बघा

बाबा पुण्याला हवाई दलाच्या ३५ स्क्वाड्रनमध्ये एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारे, होते. त्यांचा फोटोंचा पत्र्याचा डबा आता परळला माझ्याकडे आहे. त्यात भर घालायला मी चोरबाजारात मटण स्ट्रीटवर जाते. तिथे कॅनबेरा या ब्रिटिश जेट बॉम्बर विमानाच्या फोटोंच्या पाठीवर बहुतेक वेळा नुसतं ‘बॉम्बर’ लिहिलेलं असतं. तेवढ्यावर थांबू नका. १९५७ साली भारताने कॅनबेरा मागवली तेव्हाच त्यात तीन प्रकार होते: हल्ल्यासाठी बी(आय)५८, टेहळणीसाठी पीआर ५७ आणि शिकवण्यासाठी टी ४.

सरळ, रुंद पंख आणि प्रत्येक पंखात एक गोल जेट इंजिन दिसलं, की कॅनबेरा. आता थेट कॉकपिटवरच्या काचेच्या घुमटाकडे या.

लढाऊ विमानासारखा अरुंद, लांबट घुमट आणि तोही मधोमध नसून विमानाच्या डाव्या अंगाला सरकलेला असेल, तर ते बी(आय)५८. पायलट वर एकटा. नेव्हिगेटर खाली काचेच्या नाकात, निशाणा धरताना पालथा झोपायचा. त्याला इजेक्शन सीट, म्हणजे संकटात विमानाबाहेर फेकणारी खुर्ची, नव्हती. बाबा हे सांगताना नेहमी आवाज खाली आणायचे.

पोटाखालच्या चार २० मिमी तोफांवरून मात्र प्रकार ठरवू नका. तो अख्खा संच काढता-घालता यायचा. पंखांच्या टोकाच्या टाक्यांचंही तेच.

घुमट माशांच्या काचेच्या भांड्यासारखा रुंद, गोल असेल तर नाक बघा. नाक भरीव, बिनकाचेचं असेल तर टी ४. काचेचं असेल तर बहुधा पीआर ५७, पण खात्री करायला पोटावर आणि बाजूंना कॅमेऱ्याच्या खिडक्या शोधा. पीआरचं धड साधारण ३५ सेंटिमीटरने लांब आहे, पण तिरक्या फोटोत ते डोळ्यांना कळत नाही. १९७० नंतरचा फोटो असेल तर जास्त सांभाळा. तेव्हा ब्रिटनकडून वापरलेली बी ६६ आली. त्यांचाही घुमट गोल आणि नाक काचेचं, पण त्या खिडक्या नाहीत.

नाक झाकलेलं असेल तर इंजिनाच्या तोंडात भिंग धरा. मधोमध बंदुकीच्या गोळीसारखा उंचवटा दिसतो. त्यात इंजिन चालू करायची काडतुसं असतात. टी ४ मध्ये एकच काडतूस, म्हणून तो आखूड. बी(आय)५८ आणि पीआर ५७ मध्ये तीन, म्हणून लांब.

एकदा मला घुमट उजवीकडे असलेला फोटो मिळाला. असा प्रकार कुठेच नाही, म्हणून दोन रात्री तो घेऊन बसले. शेवटी भिंगाखाली शेपटीजवळचा ‘आयएफ’ने सुरू होणारा नंबर सापडला. इंग्रजी अक्षरं उलटी होती! निगेटिव्ह पालथी ठेवून प्रिंट काढली होती. तेव्हापासून डावं-उजवं ठरवण्याआधी मी फोटोत कुठलंही अक्षर शोधते. बी(आय)५८ वर आणखी एक खूण मिळते: आत शिरायचं दार उजव्या बाजूला असतं. दार आणि घुमट एकाच कुशीवर वाटले, तर पुन्हा नीट बघा.

प्रकार ठरला की फोटोच्या पाठीवर कडेला, मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. बाबांच्या एका फोटोत तशीच रेघ नेमकी नाकावरून गेली आहे.