कॅन्सरचं मोठं ऑपरेशन सांगितलंय? हॉस्पिटल निवडताना हे विचारा

बाबांच्या जबड्याचा कॅन्सर निघाला (तंबाखू-सुपारीचा खर्रा, दुसरं काय, आपल्याकडं घरोघरी तेच) आणि त्या दिवसापासून घरी फोनच फोन, कोणी म्हणे सरळ मुंबईला टाटा हॉस्पिटलात न्या, कोणी म्हणे इथंच नागपुरात रामदासपेठेत आपल्या ओळखीचे डॉक्टर आहेत, आणि आम्ही आपले चकाचक लॉबी बघून ठरवायला निघालेलो.

बिल्डिंग नका पाहू. पहिला प्रश्न हा विचारा की हेच ऑपरेशन इथं महिन्याला किती होतात आणि करतं कोण. "कॅन्सरची सगळी ऑपरेशनं होतात" हे उत्तर नाही. अमेरिकेत २००२ साली एक मोठा अभ्यास आला होता, त्यात स्वादुपिंडाचं ऑपरेशन जिथं क्वचित व्हायचं तिथं १०० मागे १६ पेशंट दगावले आणि जिथं भरपूर व्हायची तिथं ४ पेक्षा कमी. सगळ्याच ऑपरेशनांत फरक एवढा मोठा नसतो, पण अन्ननलिका, स्वादुपिंड असलं काही असेल तर नक्की विचारा. सर्जनची डिग्रीपण बघा, एमसीएच किंवा डीआरएनबी सर्जिकल ऑन्कोलॉजी (म्हणजे कॅन्सरच्या ऑपरेशनचं खास शिक्षण), तोंडाच्या कॅन्सरला हेड-नेकचं खास ट्रेनिंग घेतलेले ईएनटी सर्जनपण असतात.

दुसरं, रात्री कोण असतं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि हेच कोणी विचारत नाही. जबडा काढला की पायाचं हाड नाहीतर मांडीचं मांस घेऊन तिथं लावतात, त्याच्या बारीक रक्तवाहिन्या जोडतात, त्याला फ्लॅप म्हणतात. पहिले एक-दोन दिवस नर्स दर तासाला टॉर्च मारून त्याचा रंग बघते, बोटानं दाबून बघते. बाबांचा फ्लॅप दुसऱ्या रात्री अडीचला निळसर पडला, ड्युटी डॉक्टरनं लगेच फोन केला, प्लास्टिक सर्जन अर्ध्या तासात आले, परत ओटीत नेलं, गुठळी काढली आणि फ्लॅप वाचला. त्याच्या आधी आम्ही ज्या हॉस्पिटलात जवळपास ॲडव्हान्स भरणार होतो तिथं प्लास्टिक सर्जन "बाहेरून येतात" एवढंच कळलं, किती वेळात येतात विचारलं तर काउंटरवाला भाऊ नुसता बघत राहिला.

ट्यूमर बोर्डमध्ये केस ठेवणार का तेही विचारा, म्हणजे सर्जन, केमोवाले, रेडिएशनवाले एकत्र बसून ठरवतात, कधीकधी आधी केमोच लागते. तोंडाच्या कॅन्सरला ऑपरेशननंतर रेडिएशन लागणार असेल तर ते साधारण ६ आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं, त्यामुळे मशीन तिथंच आहे का, नसेल तर तारीख कोण घेऊन देणार, हे आधीच पक्कं करा.

नागपुरात मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेज) आहे, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे, जामठ्याचं नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे, मिहानला एम्स आहे, प्रायव्हेट वेगळे. दोन ठिकाणी तरी हेच प्रश्न विचारा. मुंबईला जायचं तर पेशंटसोबत महिनाभर कोण राहणार हे आधी घरात बसून ठरवा, आणि रेल्वेचा कन्सेशन फॉर्म हॉस्पिटलमधून भरून घ्या, कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट माफ असतं.

पैशाचं म्हणाल तर ॲडमिट व्हायच्या आधी आरोग्यमित्राला (सरकारी योजनेचं काम बघणारा हॉस्पिटलातला माणूस) भेटा, रेशन कार्ड आणि आधार घेऊन. महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे, पण तुमचं ऑपरेशन त्या हॉस्पिटलात योजनेत बसतं का आणि जबड्यात बसवायची प्लेट, आयसीयूचे जास्तीचे दिवस कोणाच्या खात्यात, ते लिहून घ्या.

आणि सेकंड ओपिनियनला नुसता रिपोर्ट नेऊन चालत नाही, बायोप्सीच्या स्लाइड आणि ब्लॉक (मेणातला तो तुकडा) लॅबमधून मागून घ्या, मोठ्या हॉस्पिटलात ते परत तपासतात. आठ-दहा दिवस यात गेले तर चालतात, आपल्या डॉक्टरांना तेवढं विचारून घ्या, पण जडीबुटीवाल्याकडं महिना घालवू नका.