कॅम्पसवरच्या इमर्जन्सी फोनचा नकाशा बनवायचाय? मग आधी चप्पल घाला

नकाशावर फोनच्या खांबाभोवती (बटण दाबलं की सिक्युरिटीला कॉल जातो तो खांब) गोल काढले आणि म्हटलं झालं कव्हरेज, असं करणार असाल तर नकाच करू. आम्ही पहिल्या वेळेस तेच केलं होतं. १०० मीटर त्रिज्येचा एक गोल म्हणजे जवळपास पावणेआठ एकर, सात खांब म्हणजे चोपन्न एकर, लई भारी वाटलं. मग कळलं की होस्टेलमागचा खांब आहे चाळीस मीटरवर, पण भिंतीच्या पलीकडं, आणि गेटवरून फिरून गेलं तर तीनशे मीटर चालावं लागतं. (कॅम्पसचं नाव नाही घेत, खान्देशातलाच आहे एवढं बस.)

तर पहिलं काम म्हणजे सगळे खांब, गेटवरचे इंटरकॉम, लिफ्टमधले फोन यांचं लोकेशन घ्यायचं. एसडब्ल्यू मॅप्स किंवा क्यूफील्ड, दोन्ही ॲप फुकट आहेत. उघड्यावर मोबाईलचा जीपीएस चार-पाच मीटर इकडंतिकडं दाखवतो, दाट निंबाखाली किंवा बिल्डिंगला चिकटून त्याहून जास्त, म्हणून पॉइंट घेताना थोडं थांबा, सॅटेलाइट फोटोवर ताडून बघा. आणि मे महिन्यात दुपारी जाऊ नका भो, आपल्याकडं पारा ४५ च्या पुढं जातो, फोन गरम होऊन बंद पडतो आणि माणूस पण. सकाळी सातच्या आत उरका.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं, आणि लोक नेमकं तेच टाळतात. प्रत्येक फोन उचलून बघायचा. आधी सिक्युरिटी ऑफिसची लेखी परवानगी घ्या, नाहीतर रात्री अकराला बटण दाबलं म्हणून तुम्हालाच बसवून ठेवतील. मग लिहून काढा: रिंग जाते का, किती सेकंदात उचलतात, आणि न सांगता समोरच्याला कळतं का की फोन कुठून आलाय. हे शेवटचं विचाराच. आमच्याकडं एका खांबावरून कॉल लागला, वॉचमन काका म्हणे, ‘भाऊ, हाई घंटी ते रोज वाजस, पोरे मज्याक करतस,’ आणि ठेवून दिला. आता हा फोन चालू धरायचा का बंद? आम्ही बंद धरला. लाईट गेल्यावर परत एक चक्कर मारा, बॅटरी नसलेले खांब तेव्हाच सापडतात.

आता क्यूजीआयएस, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर. लेयर आधी ‘रिप्रोजेक्ट लेयर’नं मीटरमध्ये मोजणाऱ्या सीआरएसमध्ये (नकाशाची मोजमाप पद्धत) न्या, म्हणजे यूटीएम झोन ४३ उत्तर, यादीतला कोड ईपीएसजी ३२६४३, जळगाव धुळे नंदुरबार सगळं त्यातच येतं. हे विसरून अंशांवर बफर (खांबाभोवतीचा गोल) लावला तर १०० मीटरऐवजी १०० अंश होतात आणि अर्धं जग तुमच्या कॅम्पसच्या कव्हरेजमध्ये येतं, मी केलंय, हसू नका. रस्ते ओपनस्ट्रीटमॅपवरून घ्या पण पायवाटा स्वतः काढा, कारण पोरं ज्या तुटक्या कंपाउंडमधून कँटीनला जातात ती वाट कुठल्याच नकाशात नसते. रात्री कुलूप लागणाऱ्या गेटांपाशी मात्र नकाशावरची वाट तोडून टाका. मग प्रोसेसिंग टूलबॉक्समधलं सर्व्हिस एरिया चालवा, अंतर १००, परत २०० टाकून; खांबापासून वाटेवाटेनं तेवढ्या अंतरात कुठवर जाता येतं ते हे टूल काढून देतं. ताशी ५ किलोमीटरनं १०० मीटर चालायला सव्वा मिनिटाच्या आत लागतात, पण संकटातला माणूस पळेलच असं धरू नका, पाय मुरगळलेला असू शकतो. बंद फोन यात घेऊ नका, लाल रंगात वेगळे दाखवा.

कोणी म्हणेल मोबाईल असताना खांब कशाला. बरोबर आहे, ११२ ला स्वतःच्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून कॉल जाऊ शकतो. म्हणून तीन मित्र वेगवेगळी सिमकार्डं घेऊन सगळीकडं फिरा आणि जिथं तिघांपैकी कोणालाच रेंज नाही ते ठिपके टाका. आमच्याकडं नाल्याकडचा उतार आणि लायब्ररीचं तळघर निघालं. हे ठिपके आणि सर्व्हिस एरियाच्या बाहेरचा भाग जिथं एकावर एक येतात, नवीन खांब तिथं पाहिजे, मेन गेटवर नाही. गेटवर तर चोवीस तास माणूस बसलेला असतो, तरी बजेट तिथंच जातं.

रात्री एकदा लांबून पण बघा, खांबाचा दिवा किती अंतरावरून दिसतो ते. उन्हाळ्यात केलेला नकाशा पावसाळ्यात चालत नाही, पोळ्यापर्यंत गाजर गवत छातीला लागतं आणि खांबच गायब होतो. आमचे दोन असेच गेले. त्यामुळं ऑगस्टमध्ये दुसरी फेरी धरा आणि नकाशावर तारीख टाका.