पुण्यात नवीन आलात? जळगावचं विमान कधी धरायचं आणि कधी सोडायचं

पुण्यात नोकरीला लागलेल्या आपल्या खान्देशी पोरापोरींचा एक प्रश्न ठरलेला असतो: घरी विमानानं किती वेळ लागतो? फोनवर बघाल तर पुणे-जळगाव हवाई अंतर साधारण ३२० किलोमीटर दिसेल. संभाजीनगर, अजिंठामार्गे रस्त्यानं तेच ४०० च्या आसपास जातं, आणि दौंड-मनमाडचा वळसा घेणाऱ्या रेल्वेनं ४७०. २०२४ मध्ये फ्लाय ९१ नं या मार्गावर एटीआर ७२ हे पंख्याचं विमान सुरू केलं. त्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. भागाकार केला की चाळीस मिनिटं येतात आणि माणूस तिथंच फसतो. चढताना-उतरताना वेग निम्म्यावर असतो, शिवाय पुण्याचा विमानतळ असलेलं लोहगाव हा हवाई दलाचा तळ, त्यामुळे धावपट्टीसाठी थांबावंही लागतं. उड्डाणाचा एक तास धरूनच चाला.

त्यात घरापासूनचा वेळ मिळवा. हिंजवडीहून लोहगावला संध्याकाळी दीड तास सहज जातो, आणि विमानतळावर दीड-दोन तास आधी पोचायचं. पलीकडे मात्र सुख आहे. जळगावचा विमानतळ कुसुंब्याला, गावाला लागूनच. एकूण पाच तास. बसला रात्र जाते.

म्हणून जळगाव, भुसावळ, यावल, रावेर, जामनेरच्या मंडळींनी विमान जरूर बघावं. धुळेकरांनी त्याच्या नादी लागू नये. जळगावला उतरून पुन्हा नव्वदेक किलोमीटर उलटं यायचं, त्यापेक्षा नाशिकमार्गे सरळ बस बरी. नंदुरबार तर आणखी लांब. नकाशावर शिरपूरला आणि धुळ्याजवळ गोंदूरलाही धावपट्टी दिसते, पण तिथं वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं, प्रवासी विमान नाही.

आता सामानाचं, कारण आपल्या आया पिशवी भरल्याशिवाय सोडत नाहीत. तिकीट काढतानाच वजनाची मर्यादा वाचा. बिबडे, कळण्याचं पीठ, केळीचे वेफर्स खुशाल न्या. मिरचीचं लोणचं हातातल्या बॅगेत चालत नाही, ते मोठ्या बॅगेत घट्ट बांधून टाका. काळ्या मसाल्यासाठी दिलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र कुठल्याच बॅगेत नकोत. खोबरं पेट घेणारं म्हणून काढून ठेवतात. आईला आधीच सांगा, मसाला घरीच कुटून दे म्हणावं.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला जाणार असाल तर दुपारचं विमान टाळा. वैशाखात जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकतो. तापलेली हवा विरळ होते, विमानाला उचल कमी मिळते, आणि धावपट्टी लहान असली की वजन कमी करावं लागतं. सकाळचं असेल तर तेच घ्या.

आणि कितीही सोयीचं वाटलं तरी फक्त विमानावर विसंबू नका. उडान योजनेत जळगावहून मुंबईची सेवा २०१७ मध्ये सुरू झाली, बंद पडली, २०१९ मध्ये दुसऱ्या कंपनीनं सुरू केली, तीही थांबली. आठवड्यातले वार बदलत राहतात. श्रावणात कानबाईच्या सणाच्या रविवारी घरी पोचायचंच असेल, तर महाराष्ट्र एक्सप्रेस किंवा आझाद हिंदचं तिकीट आधी काढून ठेवा. विमान पक्कं झालं की रद्द करता येतं. घरून रात्री-अपरात्री आजारपणाचा फोन आला तर उद्याच्या विमानाची वाट बघत बसू नका, वाकडेवाडीच्या स्टँडवर जा आणि मिळेल ती गाडी धरा.