जावास्क्रिप्टमध्ये अ‍ॅरेतले आकडे तपासताना रिकामी स्ट्रिंग कशी फसवते

अ‍ॅरेवर (व्हॅल्यूंच्या यादीवर) लूप फिरवणं, म्हणजे एकेक व्हॅल्यू घेत जाणं, सोपंय, गडबड होते ती आतली व्हॅल्यू खरंच आकडा आहे का हे बघताना. मी पण गंडलोय. फॉर्ममधून आलेल्या तापमानाच्या रीडिंगची सरासरी कायम कमीच यायची, दोन तास फॉर्म्युल्यात चूक शोधत बसलो आणि निघालं काय तर ज्या रकान्यात कोणी काही भरलंच नव्हतं तिथे गुपचूप शून्य धरला जात होता.

समजा अ‍ॅरेत १२ हा नंबर, "१५" ही स्ट्रिंग (अवतरणातला मजकूर), मग रिकामी स्ट्रिंग, मग नल (काहीच नाही) आणि शेवटी "१२केजी" असा माल आहे. (इथे मराठीत लिहितोय, कोडमध्ये इंग्रजी आकडेच टाका, व्हॅल्यूचा आकडा करणाऱ्या नंबर फंक्शनला देवनागरी आकड्यांची स्ट्रिंग दिली तर नॅनच, म्हणजे 'नॉट अ नंबर', मिळतो.) प्रत्येकाला नंबर फंक्शनमधून काढलं तर १२, १५, ०, ० आणि नॅन. आता तुम्ही फक्त नॅन गाळला तर बेरीज २७ भागिले ४, म्हणजे ६.७५, आणि खरं उत्तर आहे १३.५! मग पार्सफ्लोट (स्ट्रिंगच्या सुरुवातीचा आकडा उचलणारं फंक्शन) वापरू म्हणाल तर ते रिकाम्या स्ट्रिंगला आणि नलला बरोबर नॅन देतं पण "१२केजी" चे १२ करून मोकळं होतं, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

म्हणून आधी टाइपऑफ (व्हॅल्यूचा प्रकार) बघा. नंबर असेल तर नंबर डॉट इजफायनाइट (खरा, मर्यादित आकडाच आहे का ते सांगणारं) लावा, कारण नॅनचा टाइपऑफ पण नंबरच येतो (हो, नॉट अ नंबर हा नंबर आहे, चालायचंच) आणि इन्फिनिटीचाही. स्ट्रिंग असेल तर ट्रिम करा (कडेच्या मोकळ्या जागा काढा), रिकामी उरली तर बाद, नाहीतर नंबरमध्ये बदलून परत तीच इजफायनाइटची चाळणी. बाकी नल, अनडिफाइन्ड, ट्रू-फॉल्स सगळं सरळ बाद. सुरुवातीला नंबर डॉट न लावता नुसतं इजफायनाइट लिहू नका, ते आधी स्वतःच व्हॅल्यू बदलतं आणि मग रिकाम्या स्ट्रिंगलाही ट्रू म्हणतं. आणि नुसतं इफमध्ये व्हॅल्यू टाकून तपासलंत तर खरा शून्य पण उडतो, तापमानात शून्य चालतो की!

लूप फॉर-ऑफ घ्या. फॉर-इन नको, त्यात इंडेक्स (व्हॅल्यूचा शून्यापासूनचा क्रमांक) स्ट्रिंग म्हणून येतो, त्यात १ मिळवायला गेलात की "०१" होतं. फॉरईचमध्ये ब्रेक (लूप मध्येच थांबवणं) चालत नाही, रिटर्न लिहिलं तरी पुढच्या व्हॅल्यूवर जातं फक्त. चुकीची व्हॅल्यू दिसली की तिथल्या तिथे स्प्लाइसने काढायचा मोह आवरा, बाकीचे एक घर मागे सरकतात आणि लूप पुढचा एक तपासायचाच सोडतो. त्यापेक्षा दोन नवे अ‍ॅरे ठेवा, एकात चांगले आकडे आणि दुसऱ्यात चुकलेल्यांचे इंडेक्स, म्हणजे युजरला "तिसरा रकाना रिकामा आहे" असं नेमकं सांगता येतं. इंडेक्ससाठी अ‍ॅरेच्या एंट्रीजवर (इंडेक्स आणि व्हॅल्यूच्या जोड्यांवर) फॉर-ऑफ फिरवा.

सगळे बरोबर आहेत का एवढंच हवं असेल तर एव्हरी पुरेसं आहे, पण अ‍ॅरे रिकामा असला तरी एव्हरी ट्रूच देतं, तेव्हा आधी लेंग्थ बघा, नाहीतर सरासरीला शून्य भागिले शून्य होऊन परत नॅन दारात हजर.