वॉर्डातली ताई उभी राहिली, तर पाठीशी कसं उभं राहायचं?

इंदूरच्या मराठी माणसाला बाई निवडून देणं काही नवीन नाही. मूळच्या चिपळूणच्या सुमित्राताई महाजन 1989 ते 2014 सलग आठ वेळा इथून लोकसभेवर गेल्या, पुढे लोकसभेच्या अध्यक्षही झाल्या. नगर निगमच्या निम्म्या जागा तर महिलांसाठी राखीवच आहेत. तरी पोस्टरवर हात जोडलेला नवरा मोठा आणि उमेदवार बाई टिकलीएवढी, हे दृश्य गल्लोगल्ली दिसतं. निगमच्या मागच्या निवडणुका 2022 मध्ये झाल्या, पुढच्या 2027 मध्ये अपेक्षित आहेत. म्हणजे तयारीला वेळ आहे.

सुरुवात पोस्टरपासूनच करा. त्यावर तिचं नाव, तिचा फोटो आणि तिचाच मोबाईल नंबर हवा, हे प्रचारात शिरतानाच सांगून टाका. ‘पार्षदपती’ (नगरसेविकेचा नवरा) हा शब्द वापरणं सोडा. नळाची तक्रार असेल तर तिला फोन लावा. यजमानांनी उचलला तर “ताईंना द्या” म्हणा. थोडं अवघडल्यासारखं होतं, पण सवय लागते. त्यांनाही.

मग मतदार यादी. लग्न होऊन सुदामा नगरात आलेल्या सुनेचं नाव बरेचदा माहेरच्या पत्त्यावरच असतं. विधानसभेच्या यादीत पत्ता बदलायला फॉर्म 8, नवीन नावाला फॉर्म 6. निगमची यादी मात्र राज्य निवडणूक आयोग वेगळी करतो, तेव्हा दोन्ही तपासा.

पत्रकं छापायची हौस असेल तर आधी तिची लेखी परवानगी घ्या. उमेदवाराच्या परवानगीशिवाय तिच्या प्रचारावर खर्च करणं कायद्याने गुन्हा आहे. खरं तर पैशांपेक्षा वेळ द्या. संध्याकाळी सहा ते नऊ ही घरोघर फिरायची वेळ, आणि नेमकी तीच कुकर लावायची. पुरुष उमेदवाराला हा पेच पडत नाही. शेजारच्या दोघीतिघींनी (दोघातिघांनीही!) तिच्या घरचे डबे वाटून घेतले, तर तो भाषणांहून मोठा पाठिंबा ठरतो.

आता बातम्या. ‘अमक्यांच्या सूनबाई रिंगणात’, ‘पैठणीत अर्ज भरायला आल्या’ या धर्तीचं काही वाचलंत की तिच्या जागी पुरुषाचं नाव घालून पाहा. वाक्य हास्यास्पद झालं, तर खोट सापडली. ‘सोज्वळ’, ‘हसतमुख’ असली स्तुतीही याच चाळणीतून काढा. घर सांभाळून राजकारण कसं जमतं, हा प्रश्न सगळ्यांना विचारत असतील तर ठीक. नाहीतर कुणालाच नको.

कात्रण कापा, तारीख, आवृत्ती, पान लिहून ठेवा आणि संपादकांना पाचच ओळी लिहा. पेपर हिंदी असेल तर हिंदीतच. उदाहरणार्थ: “तिन्ही पुरुष उमेदवारांचं शिक्षण आणि काम आपण छापलंत. एकमेव महिला उमेदवाराबद्दल साडीचा रंग आणि सासऱ्यांचं नाव छापलंत. तिची माहिती सोबत पाठवत आहे.” शिवीगाळ नको, भाषण नको. सोबत अर्धं पान: शिक्षण, केलेलं काम, वॉर्डातल्या पाण्याबद्दल तिचं म्हणणं आणि एक बरा फोटो. माझ्या मते अशा बातम्यांमागे आकसापेक्षा घाई जास्त असते. बातमीदाराच्या हाती तयार मजकूर पडला तर तो वापरतो.

दाद मिळाली नाही तर प्रेस कौन्सिलकडे जाता येतं. दैनिकाबद्दलची तक्रार छापून आल्यापासून दोन महिन्यांच्या आत, आणि आधी संपादकांना लिहिल्याचा पुरावा जोडून करायची. कौन्सिल दंड करत नाही, समज देते किंवा ठपका ठेवते. पेपरवाल्यांना तोही झोंबतो. आणि तिच्या कामावर झालेली टीका, कितीही कडक असली, तरी या तक्रारीत ओढू नका. ड्रेनेज तुंबलं असेल तर तिला जाब द्यावाच लागेल.

खाजगी आयुष्यावर चिखलफेक हा वेगळा मामला. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खाजगी गोष्टींवर टीका आदर्श आचारसंहितेलाच मान्य नाही. विरोधी पक्षाने तसं केलं तर रिटर्निंग ऑफिसरकडे लेखी तक्रार द्या. व्हॉट्सअॅपवर बनावट अश्लील फोटो आला तर “बघा काय चाललंय” म्हणूनसुद्धा पुढे पाठवू नका. पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा, ग्रुप अॅडमिनला काढायला सांगा आणि ताईंना कळवा. सायबर पोलिसांकडे कधी जायचं, ते त्यांना ठरवू द्या.