एकरंगी सन-३ वर एक्स सर्व्हर कसा चालवावा

युनिक्ससारख्या प्रणालींवर पडद्यावरच्या खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडो प्रणालीच्या परिभाषेत सर्व्हर हा टेबलावरच्या यंत्रात असतो. पडदा, कळफलक आणि माउस तो सांभाळतो; टर्मिनल, संपादक, घड्याळ हे त्याचे क्लायंट मात्र नेटवर्कवरच्या कोणत्याही यंत्रावर चालू शकतात. जुने एकरंगी वर्कस्टेशन आजही वापरता येते ते याच विभागणीमुळे.

सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीच्या सन-३ मालिकेतल्या सन-३/५० या वर्कस्टेशनचे उदाहरण घेऊ. त्यात मोटोरोलाचा ६८०२० प्रोसेसर, फक्त ४ एमबी मेमरी आणि ११५२ × ९०० पिक्सेलांचा पडदा असतो. प्रत्येक पिक्सेलला एकच बिट लागत असल्याने संपूर्ण चित्र १,२९,६०० बाइटांत मावते, म्हणजे पडद्याचा भार फारसा नाही. खरी अडचण क्लायंटांची आहे, म्हणून त्यांना या यंत्रावर मुळीच जागा देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नेटबीएसडी ही युनिक्ससारखी कार्यप्रणाली बसवल्यावर सुरुवातीच्या संदेशांत ‘बीडब्ल्यूटू’ या एकरंगी फ्रेमबफरची (पडद्याचे चित्र साठवणाऱ्या मेमरीची) ओळ दिसते का, ते पाहावे. त्यानंतर रंगीत पडद्यांचाही आधार असलेला ‘एक्ससन’ हा सर्व्हर न निवडता केवळ एकरंगी पडद्यासाठी बांधलेला ‘एक्ससनमोनो’ निवडावा, कारण तो आकाराने लहान असतो आणि इथे प्रत्येक किलोबाइट मोलाचा आहे. काळे-पांढरे उलटे हवे असल्यास त्याला ‘फ्लिपपिक्सेल्स’ हा पर्याय देता येतो.

आता क्लायंट चालवणाऱ्या यंत्राकडे वळू. तिथे ‘एक्सडीएम’ हा लॉगिनची चौकट दाखवणारा प्रोग्राम चालू करावा. मात्र त्याच्या संरचना-फाइलीत ‘रिक्वेस्टपोर्ट’ शून्यावर ठेवणारी ओळ असते, ती उद्गारचिन्ह लावून निष्प्रभ केल्याशिवाय तो बाहेरून आलेल्या विनंतीला उत्तर देत नाही, आणि ‘एक्सॲक्सेस’ फाइलीतही आपल्या वर्कस्टेशनला परवानगी द्यावी लागते. मग सन यंत्रावर सर्व्हर सुरू करताना ‘क्वेरी’ पर्यायापुढे त्या यंत्राचे नाव द्यावे. राखाडी जाळी आणि फुलीसारखा कर्सर दिसूनही लॉगिनची चौकट येत नसेल, तर विनंती एक्सडीएमच्या यंत्राच्या यूडीपी पोर्ट १७७ वर पोहोचते का आणि उलट दिशेने सन यंत्राच्या टीसीपी पोर्ट ६००० वर जोडणी होते का, हे दोन्ही तपासावे. पहिल्याकडे सगळे लक्ष देतात, दुसरे हमखास विसरतात.

या मार्गावर कळफलकावरचा मजकूर, पासवर्डसह, उघडाच जातो. ६८०२० वर एसएसएच या सुरक्षित जोडणीचे कूटलेखन फारच संथ चालते. त्यामुळे ही दोन यंत्रे स्वतंत्र, बंद नेटवर्कवर ठेवणे हाच व्यवहार्य उपाय आहे.

क्लायंट निवडताना जुने तेच बरे. ‘एक्सटर्म’ हे टर्मिनल, ‘टीडब्ल्यूएम’ हा खिडक्यांचा व्यवस्थापक आणि ‘एक्सकॅल्क’ हा गणकयंत्राचा प्रोग्राम एका बिटावर नीट चालतात, कारण त्यांना सर्व्हरकडचे बिटमॅप फॉन्ट पुरतात. नव्या टूलकिटांवरचे (बटणे, मेनू पुरवणाऱ्या संग्रहांवरचे) प्रोग्राम रंगांची खोली आणि गुळगुळीत अक्षरे काढणारा रेंडर विस्तार गृहीत धरतात, त्यामुळे ते इथे उघडतच नाहीत किंवा वाचता न येण्याइतके खडबडीत दिसतात. ‘एक्सटर्म’साठी ‘९ × १५’ हा फॉन्ट डोळ्यांना सोसतो. फॉन्टच्या फाइलींसाठी डिस्क अपुरी असल्यास त्या ७१०० पोर्टवरच्या फॉन्ट सर्व्हरकडून घ्याव्यात.

काचेच्या नळीच्या पडद्यावर स्थिर चित्राचा डाग कायमचा उमटू शकतो, म्हणून ‘एक्ससेट’ या आज्ञेने पडदा काही मिनिटांत काळा होईल अशी सोय करावी. जुना प्रकाशीय माउस असेल, तर त्याची रेषांची धातूची पाटी सरळच ठेवावी. ती काटकोनात फिरली की कर्सर मनासारखा हलत नाही, आणि दोष मात्र सर्व्हरला दिला जातो.