मत नंतर, आधी कान

नोव्हेंबर आला की बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनरांची रीघ लागते. सगळे तेच सांगणार असं वाटून काउंटरवरचा माणूस वाक्य पुरं व्हायच्या आधीच उत्तर देऊन टाकतो. त्यावर मी एक सवय लावून घेतली. पाठकोऱ्या स्लिपवर समोरच्याचे शब्द जसेच्या तसे उतरवायचे. 'काका तापट आहेत' हे लिहायचं नाही, 'अंगठा लागत नाही' एवढंच. मग तेच वाचून विचारायचं, "काका, असंच ना?" यावर बहुतेक वेळा खरी अडचण बाहेर येते. एका काकांचे ठसे शेतीकामानं पार झिजले होते. मोबाईलवर चेहऱ्यानंही पडताळणी होते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

सहकाऱ्यांच्या बाबतीत हे जड जातं, कारण तिथली मतं लोणच्यासारखी मुरलेली असतात. कॅशमधल्या ताई चार वाजले की चुळबुळ करायच्या. शाखेत त्यावर टोमणे ठरलेले. मी विचारलं, "ताई, संध्याकाळी काय गडबड असते?" आणि गप्प बसलो. (हेच सगळ्यात अवघड. जीभ वळवळते.) थोड्या वेळानं म्हणाल्या, "पाळणाघर साडेपाचला बंद होतं हो." हल्ली त्यांची कॅश आधी टॅली करतो.